सशांच्या अंथरुणाची रुई

१९५६ सालच्या ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. पांढुर्णा स्टेशनाच्या फलाटावर नत्थूजी दोन्ही हातांनी एक वेताची टोपली धरून उभे होते, आणि टोपली आतून हलत होती. ती त्यांनी अंगापासून हातभर लांब धरली होती. चाळीस वर्षं जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस हाताळलेला माणूस. जिवंत वस्तू हातात धरायची त्यांना सवयच नव्हती.

टोपली त्यांच्या मुलीनं, रजनीनं, गाडीच्या खिडकीतून दिली होती. जावई श्रीकांत नागपूरच्या सचिवालयात कारकून. एक तारखेपासून नागपूर मुंबई राज्यात जाणार, पांढुर्णा होतं तिथंच मध्यप्रदेशात राहणार, आणि राजधानी पार भोपाळला. कोणाच्या नशिबी कोणतं राज्य, याच्या याद्या लागल्या तेव्हा श्रीकांतचं नाव भोपाळच्या यादीत निघालं. गाडीत सगळी तशीच मंडळी होती. ट्रंका, वळकट्या, दळणाचे डबे, रडवेल्या सासवा. भोपाळात क्वार्टर अजून मिळालं नव्हतं, चार कुटुंबांना मिळून एक बराक होती. तिथं रजनीनं तीन वर्षं जिवापाड सांभाळलेल्या दोन पांढऱ्या सशांना जागा कुठून असणार? लग्नाला पाच वर्षं होऊन तिला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तिचा सगळा जीव त्या दोघांत होता. नराचं नाव बंडू, मादीचं चिमी.

गाडी चार मिनिटं थांबली. रजनीनं गवत किती, पाणी कसं, कुत्र्यामांजरांपासून कसं जपायचं ते भराभर सांगितलं. शिटी झाल्यावर मात्र ती थांबली आणि सावकाश म्हणाली, "क्वार्टर मिळालं की नेईन, बाबा. तोवर ठेवा. पण कोणाला देऊन नका टाकू."

गाडी गेली. नत्थूजी मात्र शेवटचं वाक्य ऐकून जागच्या जागी खिळले. कारण ते वाक्य सशांबद्दलचं नव्हतं. ते मोतीबद्दलचं होतं.

मोती हा रजनीचा कुत्रा. तेरा वर्षांपूर्वी, ती अकरा वर्षांची असताना, जिनाच्या मॅनेजरला तो फार आवडला. चांगला मोठा, राखणीचा. मॅनेजरनं एकदा सहज म्हटलं आणि नत्थूजींनी दुसऱ्या दिवशी साखळीसकट नेऊन दिला. घरी सांगितलं, पळाला. पोरगी तीन दिवस जाम नदीच्या काठानं हाका मारत फिरली. चार महिन्यांनी मॅनेजरची बदली अकोल्याला झाली तेव्हा तिनं सामानाच्या बैलगाडीत मोतीला बसलेला पाहिलं. ती रडली नाही, भांडली नाही, घरी येऊन चकार शब्द बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून तिनं बापाकडं काही मागितलं नाही. वह्या नाही, बांगड्या नाही, लग्नात साडीसुद्धा नाही. लग्नानंतर नागपूर साठ मैलांवर असून पाच वर्षांत दोनदा आली, दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी परत गेली. आणि आता तेरा वर्षांनी ही एक टोपली. दुसरा इलाज नव्हता म्हणून असेल, पण मागितलं होतं खरं.

नत्थूजी माणूस वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. चौदाव्या वर्षी जिनात गठाणी लोटायला लागले आणि अंगच्या गुणानं पारखी झाले. कास्तकारानं गाडी उभी केली की नत्थूजी चिमूटभर कापूस उचलत, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत आणि बोटांत धरून ओढत, पुन्हा जुळवत, पुन्हा ओढत, आणि धागा किती लांब ते सांगत. डोळे मिटूनसुद्धा सांगत. मोहगावचा माल की बोरगावचा, पहिल्या वेचणीचा की तिसऱ्या, बोटांना कळायचं. त्यांच्या शब्दावर भाव ठरायचे आणि कोणी वाद घालत नसे. एवढा मान बाहेर मिळाला की घरात कोणाचं ऐकायची गरज वाटेनाशी होते. तसंच त्यांचं झालं होतं. गेल्या वर्षी जिन सोडलं आणि मग घरातली शांतता पहिल्यांदा त्यांच्या कानावर पडली.

घरामागच्या सांदवाडीत वांगी, मेथी, एक पेरू आणि एक संत्र्याचं झाड होतं, आणि कोपऱ्यात टिनाची खोली. तिच्यात फावडी, घमेली, तुराट्या, गोवऱ्या. दुसऱ्याच दिवशी नत्थूजींनी ती रिकामी करायला घेतली. सशांना तोवर स्वयंपाकघरात डालीखाली ठेवलं होतं आणि शेजारचा बोका भिंतीवरून हलत नव्हता. सांदवाडीत मुंगूस होतं, पलीकडच्या गल्लीत कुत्री होती. नत्थूजींना जेवण गोड लागेना. एक जरी ससा गेला, तरी रजनी काय समजणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मुंगसानं नेला म्हटलं तरी तिला खरं वाटणार नव्हतं. पळाला म्हटलं तर बोलायलाच नको.

म्हणून खोली अशी बांधली की जिनाच्या मालकानंही गोदाम तसं बांधलं नसतं. जमीन हातभर खोदून नदीतले चपटे दगड बसवले, सांधे चुन्यानं भरले, म्हणजे ससे आतून उकरणार नाहीत आणि मुंगूस बाहेरून. भिंतीचं टिन खाली गंजून फाटलं होतं, तिथं जिनाच्या भंगारातली जाड जाळी दुहेरी ठोकली. हवेसाठी वर खिडकी कापली, तिलाही जाळी. टिन उन्हानं तापू नये म्हणून छपरावर तुराट्यांचा थर, त्यावर बारदान. दाराला दार: बाहेरचं उघडून आत शिरायचं, ते लावायचं, मग आतलं उघडायचं. फुटका रांजण कोपऱ्यात आडवा पुरला, बिळासारखा, लपायला. पाण्याला मातीचं परळ, कुरतडायला पेरूच्या फांद्या. अंबाबाई, त्यांची बायको, कमरेवर हात ठेवून रोज बघायच्या.

"माही न्हाणी पंधरा वर्षांपासून बिनदाराची हाय," त्या म्हणाल्या, "अन् सशायले दोन दोन दारं."

नत्थूजींनी त्याच आठवड्यात न्हाणीलाही दार लावलं. हातोडी हातात होतीच.

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. रजनीची पत्रं येत, पत्रांत फक्त सशांची चौकशी. नत्थूजी उत्तरात सविस्तर लिहीत. बंडू रांजणावर चढून बसतो. चिमी माझ्या पायाचा अंगठा चाटते. मेथीपेक्षा हरळी आवडते. एवढं लांब पत्र त्यांनी आयुष्यात कोणाला लिहिलं नव्हतं. सकाळी चहा घेऊन ते त्या खोलीत जाऊन बसत आणि चिमी येऊन त्यांच्या धोतराच्या घोळात शिरे. तिचं अंग हाताला लागलं की त्यांना बरं वाटे. अंबाबाईंना हे दिसत होतं.

पौषात थंडी कडाक्याची पडली. परळातल्या पाण्यात सकाळी हात घालवेना. रजनीनं पत्रात लिहिलं होतं, खाली सुकं गवत भरपूर घाला, तेवढं पुरतं. इथं नत्थूजींचा पारखीपणा आडवा आला. गवत? पांढुर्ण्यात, चाळीस वर्षं कापूस पारखलेल्या माणसाच्या घरी, लेकीचे ससे गवतावर झोपणार? ते जिनात गेले, नव्या हंगामातली पहिल्या वेचणीची रुई स्वतः निवडली. टोचू नये म्हणून सरकी काढणाऱ्या रेच्यातून निघालेली, स्वच्छ, लांब धाग्याची. दोन बारदानं भरून आणली. गवत सगळं काढून टाकलं आणि वीतभर जाडीची गादी घातली. ससे तिच्यात पार बुडाले, नुसते कान दिसत होते. नत्थूजी दाराशी उभं राहून कितीतरी वेळ बघत राहिले. लेकीसाठी आपण काही केलं, असं त्यांना त्या दिवशी मनापासून वाटलं.

संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी कार्ड आलं. क्वार्टर मिळालं होतं. सणाला नागपूरला सासरी येते आहे, गुरुवारी दुपारच्या गाडीनं भोपाळला परत जाईन, टोपली घेऊन स्टेशनावर या, खिडकीतून द्या. पांढुर्ण्यात उतरेन असं कुठंच नव्हतं. नत्थूजींनी कार्ड उलटून मागची बाजूही पाहिली.

सोमवारी चिमीनं गवताला तोंड लावलं नाही. नत्थूजींनी मेथी आणली, गाजर आणलं, ती रांजणात पाठ फिरवून बसून राहिली. खोली मात्र दोन दिवसांपासून बरीच स्वच्छ दिसत होती, लेंड्या नेहमीच्या निम्म्याच होत्या. आदल्या दिवशी याचंच त्यांनी अंबाबाईंपाशी कौतुक केलं होतं. आता ते गुडघ्यांवर बसून शोधायला लागले. कोपऱ्यात चार बारीक लेंड्या सापडल्या, आणि त्या सुट्या नव्हत्या. एकीला दुसरी लोंबत होती, दोऱ्यात ओवल्यासारख्या.

नत्थूजींनी त्या उचलल्या. मधला धागा दोन्ही हातांच्या बोटांत आपसूक धरला गेला, ओढला गेला, जुळवला गेला, पुन्हा ओढला गेला. बोटांनी सांगितलं: नवा हंगाम, पहिली वेचणी, लांब धागा. कोणाचा माल ते विचारायची गरज नव्हती. त्यांनी स्वतः निवडला होता.

ते तसेच खाली बसले. मग उठले आणि दोन्ही हातांनी रुई ओरबाडून दाराबाहेर फेकायला लागले. बंडू घाबरून इकडून तिकडं पळत होता. चिमी हलली नाही.

गुरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं हात जोडून सांगितलं की बैल, म्हशी, फार तर बकरी, सशातलं मला काही कळत नाही. मग मंगळवारी सकाळची पहिली बस धरून नत्थूजी सौंसरला गेले. तिथले रामाजी संत्र्याचे बागाईतदार, नत्थूजींच्या काट्यावर वीस वर्षं कापूस आणणारे, आणि त्यांच्या वाडीत नातवंडांसाठी ससे पाळलेले होते. रामाजींनी कागदाच्या पुडीतल्या लेंड्या पाहिल्या आणि मान हलवली. ससा मऊ दिसेल ते कुरतडतो म्हणाले, रुईचा बोळा आतड्यात बसला असेल. कोमट पाणी पाजा, थेंब थेंब गोडं तेल द्या, पोट हलक्या हातानं चोळा, चालवा. बोळा सुटला तर सुटला. पण दोन दिवस लेंडी नाही म्हणजे कठीण आहे.

नत्थूजी निघाले तेव्हा रामाजींनी खुराड्यातून एक मादी काढून त्यांच्या पिशवीत ठेवली. पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची, तेवढ्याच अंगाची.

"असू द्या जवळ," ते म्हणाले. "गरज पडली तर हेच देऊन द्या. सगळे पांढरे ससे सारखेच दिसते. पोरीले काय समजते? कायले तिच्या जिवाले घोर लावता?"

रामाजींच्या मनात काही वाईट नव्हतं. वाईट असतं तर नत्थूजींना नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

मंगळवारची दुपार आणि बुधवारची सकाळ नत्थूजी आणि अंबाबाई आळीपाळीनं चिमीला मांडीवर घेऊन बसले. अंबाबाईंनी बाळाचं चोळतात तसं पोट चोळलं, कापडाच्या बोळ्यानं पाणी पिळलं. एकदा ती धडपडून चार पावलं चालली, तेव्हा नत्थूजींच्या जिवात जीव आला. अजून एक दिवस हाताशी आहे, त्यांनी मोजलं. पण बुधवारी दुपारी, ऊन सांदवाडीत उतरलेलं असताना, चिमीनं त्यांच्या मांडीवर पाय ताणले आणि ती गेली. नत्थूजी रडले. अंबाबाईंनी त्यांना तीस वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं, स्वतःच्या आईच्या वेळीही नाही.

संत्र्याच्या झाडाखाली चिमीला पुरून झाल्यावर अंबाबाई रामाजींकडून आणलेल्या मादीकडं बघत म्हणाल्या, "मोतीच्या वख्ती मी गप्प राहिली. ते पाप अर्धं माहं हाय. आता तुम्ही काय सांगान ते सांगा. पण मले मंधात नोका घेऊ."

गुरुवारी टोपलीत दोघं होते. बंडू आणि ती. दोघांनी एकमेकांना हुंगून घेतलं होतं आणि आता शेजारी शेजारी बसले होते, जसे काही कायमचेच. स्टेशनाच्या वाटेवर नत्थूजींनी तीनदा झाकण उघडून पाहिलं. खरंच ओळखू येत नव्हतं. आपण सोडून कोणालाही कळणार नाही. पोरगी आनंदानं जाईल, पत्रं लिहील, कदाचित पुढच्या वर्षी दिवाळीला येईल. आणि खरं सांगितलं तर? तेरा वर्षांनी एक गोष्ट मागितली आणि तीही बापानं घालवली. ती पुन्हा कधी काही मागेल? गाडी यायला दहा मिनिटं होती आणि त्यांचं काही ठरलं नव्हतं.

गाडी आली. रजनी खिडकीतच होती, श्रीकांत मागं सामान लावत होता. तिनं टोपली घेतली, मांडीवर ठेवली, झाकण उघडलं. आधी बंडू काढून गालाला लावला. मग दुसरीला उचललं, उराशी धरलं, डोळे मिटले.

"चिमे," ती म्हणाली, "जाड झालीस ग आजोळी."

नत्थूजींनी खिडकीचा गज धरला. ती हसत होती. असं हसताना त्यांनी तिला शेवटचं कधी पाहिलं होतं ते त्यांना आठवलं, आणि कोण तिच्याजवळ होता तेही. चारातलं एक मिनिट गेलं. दुसरं गेलं.

"ते चिमी नाही," ते म्हणाले.

रजनीनं डोळे उघडले.

"चिमी काल गेली. माह्यानं गेली. तू गवत सांगितलं, मी रुई घातली. चांगल्यातली चांगली. तिनं खाल्ली अन् पोट बंद झालं." त्यांनी तिच्या उराशी असलेल्या मादीकडं बोट केलं. "हे सौंसरच्या रामाजीच्या इथली. तुले समजलं नसतं."

नागपूरला गेल्यापासून रजनी घरची बोली बोलत नसे. आता तिच्या तोंडून तीच आली. "समजलं नसतं, तं सांगितलं काहून?"

"मोती पळाला नव्हता, रजनी. मी देला होता मॅनेजरले. तू नदीवर हाका मारून राहिली होती, अन् मी घरी जेवून राहिलो होतो."

श्रीकांत सामान सोडून मागं उभा राहिला होता, त्याला काही कळत नव्हतं. रजनीचा चेहरा कोरा होता, आणि तोच कोरा चेहरा नत्थूजींनी तेरा वर्षं पाहिला होता. गार्डाची शिटी झाली. रजनीनं बंडूला टोपलीत ठेवलं, त्या दुसरीलाही ठेवलं, झाकण लावून दोरी बांधली, आणि टोपली खिडकीतून बाहेर, त्यांच्या हातात दिली.

संपलं, नत्थूजींना वाटलं. आपल्या हातचं आता तिला काहीच नको. त्यांनी टोपली घेतली, कारण घेतल्याशिवाय इलाज नव्हता. गाडीनं झटका दिला.

"हे नवी हाय," रजनी खिडकीतून वाकून म्हणाली. "इतक्या थंडीत गाडीनं नाही नेत तिले. दोघंही राहू द्या तुमच्यापाशी. मी होळीले येते. आठ दिवस राहीन."

नत्थूजी गाडीबरोबर चालायला लागले.

"गवतावर ठेवजा, बाबा," ती ओरडली. मग डबा पुढं गेला.

स्टेशनातून घरी यायला सरळ रस्ता होता, पण नत्थूजी रुळांच्या कडेकडेनं गेले. एका शेताच्या धुऱ्यावर सुकलेलं गवत गुडघाभर उभं होतं. त्यांनी टोपली सावलीत ठेवली, झाकण बोटभर उघडून दोघं आहेत ना ते पाहिलं, आणि खाली बसून गवत उपटायला घेतलं. पहिली काडी सवयीनं दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढली गेली. ती तुटली. तिचा वास घेऊन त्यांनी ती झाकणाच्या फटीतून आत सरकवली आणि आतून कुरतडल्याचा आवाज येईपर्यंत थांबले. मग डोळे धोतराच्या सोग्यानं पुसले आणि खोलीभर पुरेल एवढं गवत उपटत राहिले.